जबडा किती पुढे, तोंड किती उघडं?

मागच्या अंकात झोपेत श्वास अडकण्याच्या आजारावर, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियावर, लेख होता. सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, सोसत नसेल तर दातांवर बसवायचं अप्लायन्स असतं, एवढाच त्यात त्याचा उल्लेख आला होता. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. अप्लायन्सचा गुण येणार की नाही, हे पुष्कळदा त्याच्या बनावटीवर ठरतं. म्हणून बनावटीविषयीच्या प्रश्नांना इथे जास्त जागा दिली आहे. उत्तरांत एएचआय हा शब्द वारंवार येईल. झोपेच्या दर तासात किती वेळा श्वास पूर्ण थांबला किंवा फार उथळ झाला, त्याचा हा आकडा. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र.

प्रश्न : यजमानांचं वय ५२. स्लीप स्टडीत एएचआय २२ आला. सीपॅप महिनाभर लावून पाहिलं, पण मास्क लावला की जीव गुदमरतो म्हणतात आणि रात्री दोनला काढून ठेवतात. अप्लायन्सने तेवढाच गुण येईल का? ते नक्की करतं काय? (नाशिक)

उत्तर : जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला हाडाला बांधलेला असतो. झोपेत तो सैल पडला की जीभ मागे सरकते आणि घशाची वाट अरुंद होते. अप्लायन्स खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे आणून तिथेच धरून ठेवतं, म्हणून जीभही पुढे राहते. त्याचबरोबर जिभेच्या कडांपासून मऊ टाळूकडे जाणाऱ्या घड्या ताणल्या जातात आणि टाळूमागची जागा मोकळी होते. एमआरआयमध्ये पाहिलं तर ही जागा पुढे-मागे थोडी आणि आडवी जास्त रुंदावलेली दिसते.

निव्वळ श्वास अडकणं थांबवण्यात सीपॅप सरस आहे, यात शंका नाही. पण मशीन काम करतं ते लावलं असेल तेवढाच वेळ. सिडनीतल्या एका अभ्यासात (२०१३) त्याच रुग्णांना एक महिना सीपॅप आणि एक महिना अप्लायन्स दिलं. सीपॅपवर एएचआय साधारण ४.५ पर्यंत उतरला, अप्लायन्सवर ११ पर्यंतच. मात्र सीपॅप रात्री सरासरी ५.२ तास लावलं गेलं आणि अप्लायन्स ६.५ तास. महिन्याअखेर रक्तदाब आणि दिवसाची झोपाळू अवस्था या बाबतींत दोन्हींत मोठा फरक उरला नाही. दोनला मास्क काढणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेतच श्वास अडकण्याचे प्रकार जास्त होतात आणि नेमकं तेव्हाच मशीन बाजूला पडलेलं असतं.

यजमानांच्या अहवालात उताण्या झोपेतला एएचआय वेगळा दिलेला असतो. तो कुशीवरच्या आकड्याच्या दुप्पट किंवा जास्त असेल तर अप्लायन्सचा गुण येण्याची शक्यता वाढते. लहान किंवा मागे गेलेली हनुवटी, बेताची मान, फार नसलेलं वजन याही अनुकूल गोष्टी. स्त्रियांमध्ये यश थोडं जास्त दिसतं. दोन्ही जबड्यांत प्रत्येकी आठ-दहा पक्के दात, निरोगी हिरड्या आणि जबडा किमान ५ मिलिमीटर पुढे येणं ही किमान गरज. एएचआय ३० च्या वर असेल आणि ऑक्सिजन फार खाली जात असेल, तर आधी मास्कचा प्रकार आणि माप बदलून पाहा, नाक चोंदत असेल तर त्यावर उपचार करा, मशीनला हवा दमट करणारा ह्युमिडिफायर जोडा. एवढं करूनही जमलं नाही तरच अप्लायन्सकडे वळा.

प्रश्न : डॉक्टरांनी दोन नमुने दाखवले. एकात वरचा आणि खालचा भाग एकसंध आहे. दुसऱ्यात दोन वेगळे भाग आणि बाजूला दांड्या. किमतीत बराच फरक आहे. महाग तेच चांगलं का? (कोल्हापूर)

उत्तर : किंमत बाजूला ठेवा. जबडा पुढे धरणारी जोडणी कशी आहे आणि झोपेत तोंड उघडलं की ती काय करते, हे आधी विचारा.

एकसंध प्रकाराला मोनोब्लॉक म्हणतात. कल्पना जुनी आहे, फ्रान्सच्या पिएर रॉबिन यांनी १९०२ मध्येच असं उपकरण वर्णिलं होतं. फायदे सरळ आहेत: तोंड उघडत नाही, मोडणारे भाग नाहीत, खर्च कमी. तोटेही तितकेच सरळ. जबडा कमी पुढे आला असं कळलं तर तुकडा कापून पुन्हा जोडावा लागतो. दात खाण्याची सवय असेल तर जबडा बाजूला हलू शकत नाही, सगळा जोर जबड्याच्या सांध्यावर आणि दातांवर येतो, आणि अप्लायन्स तरी तडकतं किंवा माणूस तरी ते काढून फेकतो. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक आणि दंत-निद्रावैद्यक संघटनांच्या २०१५ च्या संयुक्त मार्गदर्शिकेने म्हणूनच रुग्णाच्या मापाचं आणि पुढे-मागे सरकवता येणारं अप्लायन्स सुचवलं आहे. आमचंही मत तेच आहे.

सरकवता येणाऱ्या दोन भागांच्या अप्लायन्समध्ये जोडणीचे मुख्य चार प्रकार दिसतात.

हर्ब्स्ट प्रकारात दोन्ही बाजूंना नळीत सरकणारी दांडी असते. तिचं वरचं टोक मागच्या दाढेपाशी आणि खालचं टोक पुढे सुळ्याजवळ. दांडी जबड्याला मागून ढकलते. तोंड उघडलं की तिचं पुढचं टोक खाली जाताना थोडं मागेही येतं, म्हणून झोपेत तोंड वासून पडणाऱ्याचा जबडा हळूहळू मागे सरकतो. त्यावर उपाय म्हणजे वर-खाली बारीक हुक ठेवून त्यांत रबर अडकवणं, म्हणजे तोंड मिटलेलं राहतं. दांडीचा खिळा गालाला घासून छाले पडणं ही या प्रकाराची नेहमीची तक्रार. खिळ्याचं डोकं झाकून किंवा घासून ती मिटते.

ओढणारी जोडणी याच्या उलट असते. पट्टीचं वरचं टोक पुढे सुळ्याशी आणि खालचं टोक मागे दाढेपाशी. तोंड उघडलं की पट्टी उभी होत जाते आणि खालच्या दाढेला पुढे खेचते. कंपासचा काटा सुळ्यावर टेकवून दाढेवरून कमान काढून पाहा, लगेच पटेल. तोंड उघडं टाकणाऱ्यांसाठी ही भूमिती सोयीची आहे. ईएमए नावाच्या अप्लायन्समध्ये या पट्ट्या लवचिक असतात आणि वेगवेगळ्या लांबीच्या मिळतात. आखूड पट्टी लावली की जबडा आणखी पुढे. त्या वापराने ताणतात. पट्टी सैल झाली की अर्धा-एक मिलिमीटर नकळत निघून जातो आणि घोरणं परत सुरू होतं, तेव्हा घाबरून जाण्याआधी पट्टी बदला. नार्वलसारख्या नायलॉनच्या अप्लायन्समध्ये दुवे कडक असतात. ते ताणत नाहीत, पण मधल्या लांबीचं माप मिळत नाही.

तिसरा प्रकार पंखांचा. खालच्या भागावर दोन्ही बाजूंना उभे पंख आणि वरच्या भागावर त्यांना अडवणारे ठोकळे. बोलता येतं, पाणी पिता येतं, दोन्ही भाग वेगळे काढता-घालता येतात. पण तोंड पंखाच्या उंचीपेक्षा जास्त उघडलं की पंख ठोकळ्यावरून सुटतो आणि जबडा धाडकन मागे जातो. सकाळी अप्लायन्स तोंडात आहे, तरीही डोकं जड आहे, अशी तक्रार आली की आम्ही आधी पंखांची उंची आणि रबराचे हुक पाहतो.

चौथ्या प्रकारात पुढे मधोमध आकडा आणि दांडी असते. जबडा दोन्ही बाजूंना मोकळा हलतो, म्हणून दात खाणाऱ्यांना तो मानवतो. मात्र आकड्याची जागा जिभेच्या टोकापाशी जाते, ओठ नीट मिटत नाहीत आणि तोंड कोरडं पडतं. शिवाय सगळा ताण एका बिंदूवर येतो, त्यामुळे पुढच्या दातांवरची पकड कमी असेल तर भाग निसटतो.

तुम्हाला दाखवलेला दुसरा नमुना हर्ब्स्टचा दिसतो. तुम्ही रात्री तोंड उघडं टाकता का, दात खाता का, सकाळी कानापुढचा सांधा दुखतो का, हे डॉक्टरांना नीट सांगा. त्यांनी हे न विचारता नमुना निवडला असेल, तर तुम्हीच विषय काढा.

प्रश्न : मी दंतवैद्य आहे. अप्लायन्ससाठी बाईट, म्हणजे चाव्याचा ठसा, घेताना जबडा किती पुढे आणि तोंड किती उघडं ठेवावं, याची निरनिराळी उत्तरं मिळतात. सरळ पद्धत सांगाल का? (लातूर)

उत्तर : पुढे किती, याचं उत्तर मिलिमीटरमध्ये नसतं, टक्क्यांत असतं. जॉर्ज गेजसारख्या मोजपट्टीवर रुग्णाला जबडा पूर्ण मागे आणि मग पूर्ण पुढे नेऊ द्या. दोन्ही आकड्यांतलं अंतर म्हणजे त्याची एकूण हालचाल. ती १२ मिलिमीटर निघाली तर ५० टक्के म्हणजे अगदी मागच्या जागेपासून ६ मिलिमीटर, आणि ७० टक्के म्हणजे ८.४. हे अंतर नैसर्गिक चाव्यापासून न मोजता मागच्या टोकापासून मोजायचं. इथेच बऱ्याच जणांची चूक होते. त्याच रुग्णाचा नैसर्गिक चावा मागच्या टोकाच्या २ मिलिमीटर पुढे असेल आणि तिथून ६ मोजले, तर तो पहिल्याच रात्री ८ मिलिमीटरवर, म्हणजे ६७ टक्क्यांवर जातो. सकाळी जबडा आवळलेला आणि अप्लायन्स ड्रॉवरमध्ये.

सुरुवात ५० टक्क्यांच्या आसपास करा. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका अभ्यासात तोंडाची उघड तीच ठेवून ०, २५, ५० आणि ७५ टक्के असे टप्पे तपासले होते. ५० आणि ७५ ला एएचआय चांगला उतरला; पण जबडा जसा पुढे जाईल तसा त्रासही वाढत गेला. म्हणून आधी रुग्णाला सवय होऊ द्या, मग पुढे सरका.

तोंड किती उघडं, याबद्दल आमचं मत ठाम आहे: साहित्याला लागेल तेवढंच. जबडा बिजागरीसारखा फिरतो. तोंड जितकं उघडाल तितकी हनुवटी खाली आणि मागे जाते, म्हणजे पुढे आणलेले मिलिमीटर तुम्ही स्वतःच परत देता. सिडनीत ४ मिलिमीटर आणि १४ मिलिमीटर उघडीच्या अप्लायन्सची तुलना झाली तेव्हा एएचआयमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, पण बहुसंख्य रुग्णांनी ४ मिलिमीटरचंच पसंत केलं. जाड करून काही मिळत नसेल तर रुग्णाला जाड का द्यायचं? जॉर्ज गेजच्या काट्या, म्हणजे दातांत धरायचे भाग, २ आणि ५ मिलिमीटरच्या मिळतात. ॲक्रिलिकच्या अप्लायन्सला वर-खाली मिळून जाडी लागते, म्हणून ५ ची काटी सोयीची. नायलॉनला कमीत भागतं. वरचे पटाशीचे दात खालच्यांना फार झाकत असतील, म्हणजे डीप बाईट असेल, तर पुढचे दात एकमेकांवरून जाण्यासाठी मागे जास्त जागा सोडावी लागते. तिथे काटीचा आकडा पाळण्यापेक्षा दाढांमध्ये किती अंतर राहतं ते पाहा.

मधली रेघ जबरदस्तीने जुळवू नका. जबडा पुढे येताना ज्याचा मुळात २ मिलिमीटर डावीकडे जातो, त्याचा तसाच जाऊ द्या. वर-खालच्या रेघा देखण्या जुळवल्या की एका बाजूचा सांधा रोज रात्रभर वळलेला राहतो आणि आठवड्यात रुग्ण त्याच बाजूच्या कानापुढे बोट ठेवून येतो.

लॅबला पाठवताना चार गोष्टी लिहून द्या. शेवटची दाढ पूर्ण झाकलेली हवी, कारण उघडी राहिलेली दाढ काही महिन्यांत वर येते आणि मग चावाच बिघडतो. जिभेच्या बाजूची भिंत पातळ ठेवायची. तिथली दीड-दोन मिलिमीटर जाडी जिभेची जागा खाते, आणि जिभेला जागा देण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. दोन्ही बाजूंच्या दाढा अप्लायन्सवर एकाच वेळी टेकल्या पाहिजेत. आणि पकड दातांच्या खोबणीतून यायला हवी. पुढच्या दातांवर दाब देऊन मिळवलेली पकड चालणार नाही. बसवताना ही तिसरी गोष्ट निळ्या कागदाने स्वतः तपासा. एकाच बाजूला टेकणारं अप्लायन्स रात्रभर डोलतं, आणि रुग्ण ते दुखतंय म्हणत नाही, नुसतं आवडत नाही म्हणतो.

पुढे सरकवण्याचा वेग: पहिले एक-दोन आठवडे काहीच बदलू नका. मग दर दोन-तीन दिवसांनी एक टप्पा, साधारण ०.२५ मिलिमीटर. स्क्रूच्या एका फेरीला किती सरकतं हे बनावटीनुसार वेगळं असतं. काहींत ०.१, काहींत ०.२५. ते पुस्तिकेत पाहून रुग्णाच्या कार्डावर लिहा आणि फेऱ्यांचा तक्ता त्याच्या हातात द्या. सांधा दुखला तर दोन टप्पे मागे, आठवडाभर थांबा, मग पुन्हा. घोरणं थांबलं, दिवसाची झोप गेली, की तिथेच थांबा आणि चाचणीला पाठवा.

प्रश्न : इथे ऑनलाइन गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचं माउथपीस मिळतं. भारतात येऊन मापाचं करून घेण्याआधी ते वापरून 'मला चालेल का' हे कळेल का? (मेलबर्न)

उत्तर : नाही, कळणार नाही. बेल्जियममधल्या अँटवर्प इथे २००८ मध्ये ३५ रुग्णांवर दोन्ही प्रकार आळीपाळीने वापरून पाहिले. मापाच्या अप्लायन्सला ६० टक्के रुग्णांत यश आलं, गरम करून बसवायच्या प्रकाराला ३१ टक्के रुग्णांत. तयार माउथपीस रात्री निसटतं, जाड असतं आणि जबडा ठरलेल्या मिलिमीटरवर थांबवत नाही. ते फसलं म्हणून मापाचंही फसेल, असा अर्थ काढला तर एक चांगला उपाय हातचा जाईल.

त्याच वेळी हेही सांगायला हवं की तेव्हा केंब्रिजजवळ असलेल्या पॅपवर्थ रुग्णालयाच्या एका चाचणीत सौम्य ते मध्यम आजारात तयार, घरी ठसा घेऊन बनवलेलं आणि दंतवैद्याने बनवलेलं असे तिन्ही प्रकार उपचार न करण्यापेक्षा सरस ठरले. त्यामुळे प्रवासात खोळंबा नको म्हणून किंवा मापाचं तयार होईपर्यंत काही आठवडे ते वापरायला आमची हरकत नाही. दात हलत असतील, नुकतीच कॅप बसवली असेल किंवा सांधा आवाज करत असेल तर मात्र तेही नको. आणि अप्लायन्ससाठी भारतापर्यंत येण्याची गरज नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत चार-पाच वेळा डॉक्टरकडे जावं लागतं, म्हणून जिथे राहता तिथेच करून घ्या.

प्रश्न : मी दात खाते म्हणून नाईट गार्ड दिलं आहे. आता स्लीप ॲप्नियाही निघाला. गार्ड तेच चालू ठेवू का? (सातारा)

उत्तर : डॉक्टरांना लगेच कळवा. वरच्या दातांवर बसणारं सपाट नाईट गार्ड तोंड उघडतं, पण जबडा पुढे आणत नाही. वर सांगितलेल्या बिजागरीमुळे हनुवटी मागे जाते. मॉन्ट्रियलमधल्या १० रुग्णांच्या एका छोट्या प्राथमिक अभ्यासात असं गार्ड लावल्यावर निम्म्या रुग्णांचा श्वास अडकण्याचा आकडा ५० टक्क्यांहून जास्त वाढला होता. अभ्यास लहान आहे, पण कारण पटण्यासारखं आहे आणि धोका घेण्याचं काही कारण नाही. दोन भागांचं, बाजूला हलू देणारं अप्लायन्स दातांचं रक्षण करतं आणि श्वासाचंही काम करतं. पुष्कळदा श्वास मोकळा झाल्यावर दात खाणंही कमी होतं.

प्रश्न : आठ महिने अप्लायन्स वापरतोय, झोप उत्तम लागते. पण सकाळी मागचे दात जुळत नाहीत. अर्ध्या तासात जुळायचे, आता दुपार होते. हे असंच वाढत जाणार का? (सोलापूर)

उत्तर : सकाळी अर्धा तास जबडा पुढे राहणं हे स्नायूंचं काम, त्यात काळजी नाही. दुपारपर्यंत न जुळणं मात्र आता दातांची हालचाल सुरू झाल्याची खूण असू शकते, आणि ते आजच पाहून घ्यायला हवं.

अप्लायन्स खालच्या जबड्याला पुढे धरतं, आणि जबडा मागे जाऊ पाहतो. ही ओढ दातांवर येते. वरचे पटाशीचे दात हळूहळू आत झुकतात, खालचे बाहेर. काही वर्षांत वर-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर एखाद मिलिमीटरने किंवा त्याहून थोडं जास्त कमी होतं. ज्याचे वरचे दात मुळात पुढे आहेत त्याला हे खटकतही नाही. ज्याचे पुढचे दात आधीच टोकाला टोक लागतात, त्याचे दात उलट जुळू शकतात आणि दाढा अधांतरी राहतात.

करायचं ते असं. सकाळी अप्लायन्स काढल्यावर लगेच खाऊ नका. गरम पाण्याच्या घोटाने स्नायू सैल करा, मग पाच-दहा मिनिटं जबडा मागे नेत दाढा हळूच चावा. डॉक्टरांकडून सकाळी चावायचा छोटा साचा करून घ्या. तो तुमच्या जुन्या चाव्याच्या ठशावर बनतो आणि पंधरा-वीस मिनिटं चावला की जबडा जागेवर येतो. दुसरं म्हणजे अप्लायन्स जितकं पुढे लागतं तितकंच आहे का, हे तपासा. घोरणं थांबल्यावरही 'आणखी थोडं' म्हणून फिरवलेल्या फेऱ्या इथे नडतात. एक मिलिमीटर मागे घेऊनही श्वास मोकळा राहत असेल तर तो मिलिमीटर दातांना परत द्या. आणि उपचार सुरू होण्याआधीचे ठसे किंवा स्कॅन जपून ठेवले आहेत का, ते विचारा. पहिल्या वर्षी दर सहा महिन्यांनी, नंतर दरवर्षी त्यांच्याशी तुलना व्हायला हवी. मनाने अप्लायन्स बंद करू नका. दात सरकणं आणि रात्री श्वास थांबणं यांत निवड करायची वेळ आली, तर ती डॉक्टरांसोबत बसून करा.

प्रश्न : वडील ७० वर्षांचे, वर-खाली पूर्ण कवळी. त्यांना अप्लायन्स बसेल का? (परभणी)

उत्तर : जबडा पुढे धरणारं अप्लायन्स दातांना पकडून काम करतं, कवळीवर ते टिकत नाही. त्यांच्यासाठी जीभ धरणारं उपकरण असतं: पुढे पोकळ मऊ फुगा, त्यात जीभ घालून हवा दाबून काढली की हलक्या ओढीने जीभ पुढे राहते. शिकागोत १९८२ मध्ये याचा पहिला महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लाळ फार येते आणि जिभेचं टोक हुळहुळतं, म्हणून बरेच जण सोडून देतात. त्यांना सीपॅप जमत असेल तर आधी तेच. खालच्या जबड्यात काही इम्प्लांट असतील तर प्रश्न वेगळा, त्यावर अप्लायन्स बसवता येतं.

प्रश्न : अप्लायन्सने घोरणं पूर्ण थांबलं. पुन्हा स्लीप स्टडीचा खर्च कशाला? (मी ट्रक चालवतो, अहिल्यानगर)

उत्तर : तुम्ही ट्रक चालवता, म्हणूनच. घोरणं म्हणजे टाळूचा थरथराट. जबडा पुढे आला की तो थांबतो, पण जिभेमागे श्वास अडकणं थोडं उरलेलं असू शकतं, आवाज न करता. तुम्हाला वाटतं बरं झालं, ऑक्सिजन मात्र खालीच जातोय. अप्लायन्स शेवटच्या जागेवर आलं की ते तोंडात घालून चाचणी करा. पहिली चाचणी रुग्णालयात झाली असली तरी ही पुष्कळदा घरच्या यंत्रावर होते. एएचआय ५ च्या खाली आला तर उत्तम. ५ ते १० च्या मध्ये असेल आणि दिवसा पेंग येत नसेल तर डॉक्टर बहुधा तिथे थांबतील. निम्म्याने कमी होऊनही १८ उरला असेल, तर तो उपचार तुमच्या कामाला पुरेसा नाही. आणखी पुढे सरकवून पाहायचं, उताणं झोपणं टाळायचं, नाहीतर सीपॅप. चाचणी होईपर्यंत रात्रीच्या लांब फेऱ्या टाळा.

प्रश्न : कोकणात दमटपणा फार. अप्लायन्सला वास येतो, पिवळं पडलंय. नवं करावं का? (रत्नागिरी)

उत्तर : बहुतेक वेळा गरज नसते. रोज सकाळी मऊ ब्रश आणि साध्या पातळ साबणाने, थंड किंवा कोमट पाण्यात घासा. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या कणांनी बारीक ओरखडे पडतात आणि त्यांतच वास आणि डाग बसतात. उकळतं पाणी तर मुळीच नको. ॲक्रिलिक वाकलं की ते परत पहिल्यासारखं बसत नाही. आठवड्यातून एकदा कवळी साफ करायची गोळी चालते, पण धातूचे भाग असतील तर कोणती गोळी ते डॉक्टरांना विचारा. घासल्यावर पूर्ण कोरडं करून भोकं असलेल्या डबीत ठेवा. बंद डबीत ओलं ठेवलेलं अप्लायन्स पावसाळ्यात वास मारणारच. उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते विसरू नका, आणि घरात कुत्रा असेल तर डबी उंच ठेवा. लाळेच्या वासाने कुत्री ते हमखास चावतात.

पिवळेपणा चहा आणि तंबाखूचा असेल तर तो दिसायला वाईट, कामाला नाही. तडा, हलणारा स्क्रू, बसताना पूर्वीसारखा टक् आवाज न येणं, दाढेवर एक बाजू उचललेली राहणं, हे दिसलं तर मात्र दाखवा. मधल्या काळात कुठली कॅप किंवा मोठं फिलिंग झालं असेल तर ॲक्रिलिकचं अप्लायन्स आतून घासून, भरून जुळवून घेता येतं. नायलॉनचं बहुतेक वेळा नव्यानेच करावं लागतं. म्हणून राहिलेली दातांची कामं ठसा घेण्याआधी उरकलेली बरी. नीट वापरलं तर अप्लायन्स साधारण तीन ते पाच वर्षं टिकतं.